हळद डिलीटवर, कुंकू ओकेवर

लोक नोकरीवर पाणी सोडतात. मी माझ्या अठरा वर्षांच्या नोकरीवर हळद-कुंकू वाहिलं. उजव्या हाताच्या अनामिकेनं, अगदी मनोभावे.

त्याचं असं झालं. कुरुळीच्या आमच्या कंपनीत खंडेनवमीला मशीनची पूजा असते. आदल्या दुपारी काम थांबतं, सगळे जण डिझेल आणि कापडाचे बोळे घेऊन आपापलं मशीन लख्ख पुसतात. दुसऱ्या दिवशी झेंडूचे हार, आंब्याचे डहाळे, नारळ, पेढे. माझ्या वाट्याला शॉपच्या, म्हणजे सगळी मशीनं चालतात त्या दालनाच्या, कोपऱ्यातली काचेची एसी खोली येते. आत धूळ चालत नाही म्हणून बूट-चपला बाहेर काढाव्या लागतात. त्यामुळे शॉपवरचे लोक तिला देवघर म्हणतात आणि मला पुजारी.

त्या दिवशी देवघरात नवा कॉम्प्युटर बसत होता. बसवणारा माणूस प्रसाद घ्यायला बाहेर गेला होता. पडद्यावर पांढऱ्या चौकटीत काहीबाही इंग्रजी लिहिलेलं होतं. ते मी वाचलं नाही. पूजेला चष्मा कशाला, म्हणून तो मी कपाळावर चढवला होता. जुन्या, पोट सुटलेल्या मॉनिटरला अठरा वर्षं मी काचेवरच एक बोट हळदीचं आणि एक बोट कुंकवाचं लावत आलो. तसंच इथं लावलं. हळदीचं बोट टेकलं आणि पडदा लकाकला, मधोमध एक छोटी चौकट उघडली. मला वाटलं, देव पावला. हळदीशेजारी कुंकू लागतं, म्हणून ते त्या चौकटीत लावलं. डोळे मिटून हात जोडले. उघडले तेव्हा चौकट गायब होती आणि पडद्यावरच्या यादीतली एक ओळ कमी झाली होती.

हा पडदा बोटानं चालतो, हे मला सांगितलं होतं. मी 'हां हां' म्हटलं होतं. माझ्या 'हां हां'चा अर्थ घरात सगळ्यांना कळतो, बाहेरच्यांना कळत नाही.

कमी झालेली ओळ म्हणजे जुन्या कॉम्प्युटरची डिस्क काढून या नव्यात बसवली होती, तिच्यातली आमची जुनी विंडोज होती.

आता हे समजायला त्या खोलीत असतं काय, ते सांगायला हवं. आत एक मोजमापाचं मशीन आहे. काळ्या ग्रॅनाइटचं टेबल, त्यावर कमानीसारखा पूल, पुलातून खाली आलेला दांडा आणि दांड्याच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा लाल मणी. कृत्रिम का होईना, माणिकच असतं ते. टेबलावर ठेवलेल्या लोखंडी भागाला हा मणी ठिकठिकाणी हळूच शिवतो आणि शेजारचा कॉम्प्युटर सांगतो, भोक केवढं, कड सरळ की वाकडी, माल पास की नापास. मशीनच्या बोटात माणिक आहे, हे मी बायकोला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिनं नुसतं स्वतःच्या हाताकडे बघितलं होतं.

या मशीनचा जीव होता जुन्या विंडोजमध्ये, एक्सपीत. मशीन बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. तिचा मोजणीचा प्रोग्राम नव्या विंडोजवर चालत नाही. नवा मेंदू बसवून द्या म्हटलं, तर 'त्यापेक्षा नवं मशीनच घ्या' असं सगळीकडून उत्तर आलं. आणि इकडे गिऱ्हाइकाचं म्हणणं, मोजणीचे रिपोर्ट आमच्या पोर्टलवर टाका, आणि जुनी सिस्टीम इंटरनेटला जोडलेली आम्हाला दिसता कामा नये.

यावर तोडगा निघाला तो असा: कॉम्प्युटर एकच, पण त्याच्या डिस्कमध्ये पार्टिशन घालून वेगवेगळ्या खोल्या करायच्या. एकीत जुनी विंडोज, एकीत नवी, आणि मध्ये दोघींच्या सामाईक वापराची एक. कॉम्प्युटर सुरू केला की काळ्या पडद्यावर दोन नावं येणार, हवं ते निवडायचं. जुनीत मोजायचं, रिपोर्ट मधल्या खोलीत ठेवायचा, कॉम्प्युटर बंद करून परत चालू करायचा, नवीत शिरून तो उचलायचा आणि पाठवायचा. जुनीला इंटरनेटचा वारासुद्धा लागू द्यायचा नाही. चालू-बंदच्या मधल्या वेळात चहा. मला ही व्यवस्था एकदम पसंत होती.

साहेबांना नव्हती. आमचे साहेब म्हणजेच मालक. माणूस चांगला. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण दाढी रंगवत नसल्यामुळे मोठा वाटतो. त्यांचं मत, एका म्यानात दोन ठेवायचा हा खटाटोप टिकणार नाही. शनिवारी गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला यायची होती. खंडेनवमी बुधवारी होती. साहेबांनी आदल्याच आठवड्यात मला केबिनमध्ये बसवून सांगितलं होतं, "राव, शनिवारपर्यंत दोन्ही एकत्र चालताना दाखवा. नाहीतर ते मशीन मी काढून टाकतो. मोजणी बाहेरच्या लॅबकडून करून घेऊ. तुम्ही गेटवर बसा, आत येणारा-जाणारा माल बघा. पगाराला धक्का नाही लावत मी."

पगाराला धक्का नाही, हे त्यांनी प्रेमानं सांगितलं. मला ते शिवीसारखं लागलं. गेटवर बसणारा माणूस वाईट असतो असं नाही. आमच्या गेटवरचा माणूस माझ्यापेक्षा जास्त वाचतो. पण अठरा वर्षं मी ज्या मण्याला कुठं शिवायचं, कुठं हळू जायचं, कुठल्या भोकात आधी शिरायचं हे एकेका भागासाठी लिहून शिकवलं, तो मणी भंगारवाल्याच्या टेम्पोत बघायचा आणि त्याच्या गेटपासवर मीच सही करायची. हे काही माझ्या डोक्यात बसेना.

तर अशा लढाईतला मी जुनीचा एकटा सेनापती. आणि जुनी मीच पुसली होती. कुंकवानं.

कॉम्प्युटरवाला परत आला तेव्हा त्याच्या हातात अर्धा पेढा होता. चाळिशीचा माणूस, परभणीकडचा, चाकणच्या बऱ्याच कंपन्यांची कामं करतो. मला काका म्हणतो, ते मला आवडत नाही, पण केस त्याच्या बाजूनं साक्ष देतात. त्यानं पडदा बघितला. पेढा तसाच हातात राहिला.

"काका, कामून हात लावलात हो?"

"हात नाही लावला. कुंकू लावलं."

"अहो, डिलीटवर हळद हाय! आणि ओकेवर कुंकू!"

मी चष्मा खाली ओढला. खरंच होतं. पडद्यानं आधी विचारलेलं, हे काढून टाकू का, आणि मग विचारलेलं, नक्की ना. दोन्ही प्रश्नांना मी सौभाग्यलेणं चढवून हो म्हटलं होतं.

"कॉपी असेल ना तुझ्याकडं?" मी विचारलं.

"मला वाटलं, तुम्ही काढून ठेवली."

"मला वाटलं, तू."

हातातला अर्धा पेढा त्यानं घाईनं तोंडात टाकला.

मग तो खाली वाकून हळू आवाजात म्हणाला, "काका, घाबरू नका. आता फक्त खोलीवरची पाटी गेली. आतलं सामान जागच्या जागी हाय. पण त्याच्यावर आता काहीच टाकायचं नाही. नवीन विंडोज त्या जागेत ओतली की सामानाचा भुगा. आत्ता बंद करू, घरून माझी डिस्क आणतो, तिच्यातून शोधू. निघंल. बहुतेक निघंल."

'बहुतेक' हा शब्द त्यानं गिळायचा प्रयत्न केला, पण पेढ्यामुळे तो बाहेरच आला.

तेवढ्यात काचेचं दार उघडलं. आरतीचं ताट घेऊन साहेब, त्यांच्यामागे मेंटेनन्सचे आबा आणि आबांच्या मागे निम्मा शॉप. आबा कुरुळीचेच. जिथं आमचा शेड उभा आहे त्याच्या पलीकडची जमीन त्यांच्या भावकीची. साठीला आलेत, पण कंपनीत आवाज त्यांचाच. साहेबही त्यांना आबाच म्हणतात.

साहेबांनी पडद्यावर नजर टाकली. "काय झालं?"

कॉम्प्युटरवाला चपापला. त्याला वर्षातलं निम्मं काम आमच्याकडून मिळतं. त्यानं तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "जुनी विंडोज उडाली, साहेब. माझ्या बोटानं. हा बाहेर होता."

शॉपवरचे लोक मान लांब करून बघायला लागले. कुंकवाचा ठसा इतका स्वच्छ उमटला होता की, बोटावरच्या रेषा मोजता आल्या असत्या. मागून कुणीतरी म्हणालं, "पुजाऱ्यानंच देव फोडला की राव." हशा झाला. मीही हसलो. अशा वेळी आपण आधी हसावं म्हणजे लोकांचं कमी ऐकू येतं.

साहेब हसले नाहीत. पण त्यांच्या चेहऱ्यावर एक मोकळेपणा आला, तो मला त्या हशापेक्षा जास्त झोंबला. "चला, बरंच झालं. वाद मिटला. ए, नवीन विंडोज टाक पूर्ण डिस्कवर. आत्ताच टाक, सगळे आहेत तोवर."

कॉम्प्युटरवाल्यानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या बघण्यात ते खोलीतलं सामान होतं.

मी पुढं होऊन पडद्यासमोर उभा राहिलो. असं आयुष्यात मी कधी कुणासमोर उभा राहिलेलो नाही. घरातसुद्धा टीव्हीसमोर उभा राहिलो तर 'बाजूला व्हा' ऐकून बाजूला होतो.

"नाही टाकायची, साहेब."

"का?"

कारण सांगायचं तर खोली, पाटी, सामान, 'बहुतेक' हे सगळं आलं असतं, आणि साहेबांनी त्या 'बहुतेक'वर बोट ठेवलं असतं. मी म्हटलं, "पूजा झालीय. पूजा झालेल्या हत्याराला आज हात लावायचा नाही."

मी फार धार्मिक नाही. घरात दिवा बायको लावते, मी फक्त वात संपलीय हे सांगतो. पण त्या क्षणी माझ्याएवढा कर्मठ माणूस अख्ख्या एमआयडीसीत नसेल.

"अहो राव, पूजा मशीनची. कॉम्प्युटर काय हत्यार आहे?"

"हळद-कुंकू लागलंय त्याला."

"ते चुकून लागलंय!"

इथं आबा पुढं आले. त्यांना पार्टिशन वगैरे काही माहीत नव्हतं, आणि मला वाचवायचं होतं असंही नाही. त्यांना जे पटलं ते ते बोलले. "मालक, कुंकू चुकून लागत न्हाई. लागलं म्हंजी लागलं. आमी घरचा विळासुदीक आज पाटावरनं उचलत न्हाई. बायकांनी कालच भाजी चिरून ठिवली. आन तुमी हितं पुजलेलं यंत्र उघडाया निगाला व्हय?"

"आबा, तसं नाही हो..."

"तसंच हाय. मागं त्या पोरानं डबल पाळी करायची म्हणून आजच्या दिशी ड्रिल चालू केलं, तवा त्याच्यावर वरडलं कोण? तुमीच ना?"

मागून दोन-चार आवाज आले, "व्हय, व्हय." साहेबांच्या हातातल्या ताटात कापूर संपत आला होता. सगळा शॉप त्यांच्याकडे बघत होता आणि शॉपमधलं प्रत्येक यंत्र हार घालून उभं होतं. त्यांनी एक लांब श्वास सोडला.

"ठीक आहे. उद्या दसरा. परवा, शुक्रवारी करा काय करायचं ते. पण राव, शनिवारी नऊला माणसं येतायत. तेव्हा दोन्ही चालू दिसलं नाही, तर त्याच दिवशी मशीन उचलणार. मग कुठलीही नवमी सांगू नका मला."

"नाही सांगणार," मी म्हटलं. कॉम्प्युटरवाल्यानं मागून हात घालून वायर ओढली. पडदा काळा झाला. त्या काळ्यावर माझं कुंकू अजूनच उठून दिसायला लागलं.

मोशीवरून स्पाइन रोडनं रावेतला घरी येईपर्यंत मी मोठ्या आवेशात होतो. गाडीवर हेल्मेटच्या आत मी साहेबांना चांगली दोन भाषणं ठोकली. लिफ्टमध्ये तिसरं सुरू झालं. दार उघडल्यावर बायकोनं विचारलं, "झाली पूजा?" आणि माझी हवा गेली.

मी सगळं सांगितलं. ती चुरम्याचे लाडू करायला बसली होती. लाडू वळता वळता ऐकत होती.

"म्हणजे तुम्हीच पुसलंत."

"चुकून."

"आणि भांडलात पण तुम्हीच."

"ते मुद्दाम."

तिनं लाडू ताटात ठेवला. "आणि नाही निघालं तर?"

"तर गेट."

"गेटवर काय वाईट आहे? सावली आहे, खुर्ची आहे. पाठ धरते म्हणता ना त्या स्टुलावर? साडेपाच वाजता घरी याल. आपल्या खालच्या मजल्यावरचे ते भाऊजी बघा, रिटायर झाल्यापासून किती टवटवीत दिसतात."

"अगं, मी रिटायर नाही होत, मला हलवतायत."

"तेच म्हणते. हलायचं. तुम्ही त्या खोलीत अठरा वर्षं एका जागी आहात."

मला तिचा असा राग आला की, मी दोन लाडू खाल्ले.

दसऱ्याच्या संध्याकाळी सोसायटीत आपट्याची पानं देताना एक शेजारी भेटला. हिंजवडीला मोठ्या कंपनीत आहे. त्याला वाटलं मी गंमत सांगतोय. "काका, एक्सपी? अजून? अहो, म्युझियममध्ये द्या ना." आजूबाजूचे हसले. आणखी एक काका म्हणणारा. एरवी मी अशा वेळी मानेनं सूर धरतो. त्या दिवशी धरला नाही.

"तुम्ही रोज ज्या कंपनीच्या बसनं जाता ना," मी म्हटलं, "ती कधीची आहे?"

"असेल बारा-पंधरा वर्षांची."

"तिच्या इंजिनमधल्या पाण्याच्या पंपाचं झाकण आम्ही करतो. बारा वर्षांपूर्वी करत होतो, गेल्या महिन्यात पण केलं. भोकं तेवढीच, त्याच जागी. झाकण तेच आहे, तर मोजणारा का बदलू? ती बस म्युझियममध्ये द्या, दुसऱ्या दिवशी मी आमची एक्सपी घेऊन येतो."

त्यानं मला आणखी एक आपट्याचं पान दिलं आणि पुढं गेला. बायको बाजूला उभी होती. लिफ्टमध्ये म्हणाली, "सणाच्या दिवशी लोकांची बस कशाला काढता?" पण तिनं लिफ्टचं बटण माझ्या आधी दाबलं नाही. आमच्याकडे याला मान देणं म्हणतात.

शुक्रवारी सकाळी सातला मी आणि कॉम्प्युटरवाला देवघरासमोर. बूट काढले. त्यानं आणलेल्या डिस्कवरून कॉम्प्युटर सुरू केला आणि शोध लावला. पडद्यावर एक पट्टी सरकायला लागली. मुंगीनं साखर ओढत न्यावी तसं तिचं चाललेलं. आम्ही स्टुलांवर बसलो. दहा वाजता साहेब काचेतून बघून गेले. साडेअकराला परत बघून गेले. आबा आले, त्यांनी पट्टीकडे बघितलं आणि म्हणाले, "चाललंय म्हंजी जितं हाय."

"परवा तुम्ही बोलला नसता ना, काका," कॉम्प्युटरवाला मध्येच म्हणाला, "तर साहेबांनी मलाच धरलं असतं. स्क्रीन तसाच सोडून पेढा खायला गेलतो मी."

"गेला होतास ना?"

"गेलतो."

"मग अर्धा पेढा तुझ्याकडं, अर्धी चूक तुझ्याकडं. बाकीची माझी."

तो हसला, पण पट्टीवरून नजर न काढता.

दुपारी दोन वाजता पट्टी संपली. यादी आली. त्यानं बोट ठेवून मोजलं, पुन्हा मोजलं आणि म्हणाला, "ही बघा तुमची खोली." मी म्हटलं, बोट लांब ठेव. त्यानं पाटी परत लावली. मग आधी तिची एक कॉपी काढली, मग कॉपीची कॉपी काढली, आणि त्यानंतरच नवी विंडोज तिच्या स्वतःच्या खोलीत बसवली. संध्याकाळी सहाला काळ्या पडद्यावर दोन नावं आली. एकाखाली एक. वर नवी, खाली जुनी. मी बाण खाली नेला आणि एंटर दाबलं.

जुनी उठायला वेळ लागतो. तिची ती निळी पट्टी तीनदा गेली, चारदा गेली. मग सुरुवातीचा सूर वाजला. स्पीकर कुणीतरी पूर्ण वर करून ठेवला होता, तो सूर काचेबाहेर शॉपभर घुमला. लेथवरच्या माणसांनी माना वळवल्या. पूल हलला, दांडा आपल्या कोपऱ्यात जाऊन थांबला. मी पंपाचं झाकण टेबलावर धरलं, प्रोग्राम उघडला आणि पडद्यावर ओळ आली: 'जॉब नीट बसवला का?'

ही ओळ मीच लिहिलेली. जुनीला मराठी लिहिता येत नव्हतं म्हणून इंग्रजी अक्षरांत, सगळी मोठी. माझ्या प्रत्येक प्रोग्रामच्या सुरुवातीला ती आहे. कितीदा तरी मी तिला न वाचताच पुढं ढकललं असेल. त्या दिवशी वाचली. झाकण नीट बसवलं नव्हतंच. परत बसवलं आणि मग पुढं गेलो.

आणखी एक गोष्ट कळली, ती मला फार आवडली. जुनीत बोट चालत नाही. पडद्यावर कितीही बोटं लावा, ती ढिम्म हलत नाही. तिला माउसच लागतो. म्हणजे मला जे पुसता आलं, ते नवीच्या दारातून आलं. जुनी तिच्या घरात माझ्यापासून सुरक्षित होती.

शनिवारी नऊला गिऱ्हाइकाकडून दोघं जण आले. त्यांतली एक बाई तिशीतली असेल, हातात टॅब, बोलणं मोजकं. बूट काढून आत आली आणि तिनं थेट काळ्या पडद्यावरची दोन नावं बघितली.

"हे जुनं का ठेवलंय?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या बघण्यात मदत नव्हती आणि विरोधही नव्हता. तुम्ही भांडलात, तुम्ही बोला, असं होतं ते.

माझ्या पायात मोजे होते आणि उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. हे मला त्याच वेळी दिसलं. तरी मी म्हटलं, "मॅडम, तुमच्या या भागाचं ड्रॉइंग गेल्या पंधरा वर्षांत बदललंय का?"

"नाही."

"बदलणार आहे?"

"नाही. स्पेअर पार्ट आहे तो. गाड्या रस्त्यावर आहेत तोवर लागेल."

"मग तो मोजणारंही तोवर लागेल. गाड्या रस्त्यावर ठेवायच्या आणि त्यांचं माप घेणाऱ्याला भंगारात घालायचं, हे मला पटत नाही. नवी विंडोज वाईट आहे असं मी म्हणत नाही. रिपोर्ट पाठवायला तीच आहे. पण तिला हे मशीन हलवता येत नाही, आणि हिला येतं. म्हणून दोघी."

"नेटला जोडलंय?"

"जुनीला नेट आहे हेच माहीत नाही. केबलसुद्धा मी नवीत गेल्यावर लावतो."

"मोजून दाखवा."

दाखवलं. लाल मणी झाकणाला एकेका जागी शिवत गेला. बाईनं स्वतःच्या बॅगेतून एक जुना रिपोर्ट काढून आकडे ताडून बघितले. कॉम्प्युटर बंद, चालू. चहा आला. तिनं बाहेर जाऊन तो उभ्यानं घेतला. नवीतून रिपोर्ट गेला, तो तिच्या टॅबवर उतरलेला तिनं स्वतः बघितला. टॅबवर काहीतरी लिहिलं. जाताना दारात बूट घालता घालता साहेबांना म्हणाली, "चालेल. केबलची पद्धत लिहून भिंतीवर लावा."

संपलं. एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी मोठं होईल.

ते गेल्यावर साहेब आत आले. बराच वेळ काळ्या टेबलावर हात फिरवत राहिले. ते टेबल उन्हाळ्यातही गार असतं. मग म्हणाले, "राव, ठेवा. पण माझ्या तीन अटी. सगळं वहीत लिहून काढा, तुमच्याशिवाय कुणालाही चालवता आलं पाहिजे. कॉपी तीन ठिकाणी. आणि वही पूर्ण होईपर्यंत रविवारीसुद्धा फोन उचलायचा. मशीन अडलं की यायचं."

"येईन," मी छाती काढून म्हटलं. तिन्ही अटी मी बक्षीस मिळाल्यासारख्या घेतल्या. बाहेर पडताना आबांनी विचारलं, "ऱ्हायलं?" मी म्हटलं, "राहिलं." ते म्हणाले, "ऱ्हानारच."

घरी आलो तर बायको गवार मोडत बसली होती. मी बूटसुद्धा न काढता सगळं सांगितलं. बाईचे प्रश्न, माझी उत्तरं, साहेबांचा हात, तिन्ही अटी. मोज्याचं भोक वगळलं. ती शेंगांची मोडलेली टोकं बाजूला सारत राहिली. मी थांबल्यावर म्हणाली,

"बरं झालं. तुम्हाला गेटवर बसलेलं मला बघवलं नसतं."

मी थक्क झालो. "मग त्या दिवशी काय सावली, खुर्ची, साडेपाच?"

"मग काय रडायचं होतं तुमच्याबरोबर?" ती म्हणाली. परात माझ्याकडे सरकवली, म्हणजे मीही बसून गवार मोडावी. "पण रविवारचं तुम्ही परस्पर कबूल करून आलात, ते काही चालायचं नाही. दोन-दोन बसवल्यात ना शेजारी शेजारी? मग रविवारी नवीवर भागवा म्हणावं त्यांना."